एकच गोळी, चार सरकारी वाटा: दर वेगवेगळे का?

खानापूर_रोड यांचा प्रश्न

आमच्या कुटुंबात चौघे जण रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी घेतात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले असल्याने त्यांना ती माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातून मिळते, बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत काम करणाऱ्या भावाला कामगारांच्या विमा योजनेतून (ईएसआय) आणि खेड्यात राहणाऱ्या आत्याला तालुक्याच्या सरकारी इस्पितळातून. मी मात्र जनऔषधी केंद्रातून पैसे देऊन आणतो. आत्याच्या पाकिटावर सरकारी पुरवठ्याचा, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो आणि किंमत छापलेलीच नसते. सरकार या प्रत्येक गोळीसाठी सारखेच पैसे मोजते का? नसल्यास का नाही? किमतीवर सरकारचेच नियंत्रण आहे ना?

जुना_फार्मासिस्ट

नियंत्रण आहे, पण ते दुकानातील किमतीवर. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढून तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात आणि ती कमाल किंमत ठरते. म्हणजे या मर्यादेचा पाया उत्पादनखर्च नसून बाजारात आधीच चालू असलेला भाव आहे.

सरकारी इस्पितळांसाठी कर्नाटक राज्य वैद्यकीय पुरवठा महामंडळ निविदा काढते, तेव्हा कंपनीला प्रतिनिधी, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांपैकी कोणाचाच खर्च नसतो व मागणी एकगठ्ठा असते, त्यामुळे दर त्या मर्यादेच्या बराच खाली येतो. तामिळनाडूने १९९४ मध्ये असे महामंडळ स्थापून ही वाट इतर राज्यांना दाखवली. ईएसआयचे दरकरार, म्हणजे ठरलेल्या दराने पुरवठा करण्याचे करार, वेगळे असतात. ईसीएचएसमध्ये साठ्यात नसलेले औषध मान्यताप्राप्त दुकानातून सवलतीने घेतले जाते. पण ती सवलत छापील किमतीवर मिळते आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे, कारण छापील किंमतच फुगलेली असेल तर मोठी सवलतही निविदेच्या दराजवळ पोचत नाही.

शहापूरचा_परदेशी

मी सध्या न्यू जर्सीत आहे. इथेही हाच घोळ आहे आणि तो कायद्यानेच घातलेला आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ३९९ औषधांचे २०१७ मधील दर तपासले, तेव्हा कंपन्यांकडून मिळणारे सर्व परतावे वजा करूनही माजी सैनिकांचे खाते ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेपेक्षा प्रति नग सरासरी ५४ टक्के कमी मोजत असल्याचे आढळले. माजी सैनिकांच्या खात्याची देशभर एकच औषधसूची आहे, शिवाय १९९२ च्या कायद्याने त्याला ठरावीक सवलत मिळते. मेडिकेअरची औषधे मात्र अनेक खासगी विमा योजनांमार्फत दिली जातात आणि २००३ च्या कायद्याने सरकारला कंपन्यांशी भाव करण्यास मनाईच केली होती. २०२२ मध्ये ही बंदी काही औषधांपुरती सैल झाली. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर जानेवारी २०२६ पासून लागू झाले. गरिबांच्या मेडिकेड योजनेला १९९० च्या कायद्यानुसार वेगळा परतावा मिळतो. आपल्याकडे निदान घासाघीस करायला कोणी मनाई केलेली नाही!

भांडारपाल

तालुका इस्पितळाचे औषधभांडार सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो की निविदेचा दर हा कागदावरचा दर असतो. बिले थकली किंवा दर परवडेनासा झाला, की पुरवठादार हात आखडता घेतो. मग इस्पितळाच्या आरोग्य रक्षा समितीच्या पैशांतून तेच औषध गावातील दुकानातून थोडे थोडे, चढ्या भावाने आणावे लागते. त्यामुळे एकाच इस्पितळात, एकाच वर्षात, एकाच गोळीचे दोन दर सापडतात. शिवाय सर्वांत कमी दरालाच चिकटून राहण्याचा धोकाही आहे. २०२४ मध्ये बळ्ळारीत बाळंतिणींचे मृत्यू झाले, तेव्हा सरकारी पुरवठ्यातील सलाइनवर संशय आला आणि राज्याला त्याचा वापर थांबवावा लागला.

खानापूर_रोड

सर्वांचे आभार. जनऔषधीची किंमत पाकिटावरच आहे. उरलेल्या तिन्ही ठिकाणी माहितीच्या अधिकाराखाली दहा गोळ्यांचा दर विचारणार आहे.

जुना_फार्मासिस्ट

नुसता दर विचारू नका. त्या वर्षी किती गोळ्या निविदेतून आल्या आणि किती स्थानिक खरेदीतून, दरात जीएसटी धरला आहे की नाही, हेही त्याच अर्जात लिहा. नाहीतर तीन आकडे हाती येतील आणि त्यांची तुलनाच करता येणार नाही.