पगार विचारला म्हणून एचआरचं बोलावणं

अर्धाचहा
परवा टपरीवर नव्या मुलाने सहज सांगितलं, त्याचं पॅकेज माझ्यापेक्षा साडेतीन लाखांनी जास्त. त्याला काम मीच शिकवतोय! अप्रेझलला हा आकडा काढला तर साहेबांचा पहिला प्रश्न, "तुला कोणी सांगितलं?" दुसऱ्या दिवशी एचआरने ऑफर लेटरमधल्या कलमावर बोट ठेवलं: पगार गोपनीय, चर्चा केल्यास कारवाई. लग्नाच्या बायोडेटात पगार छापतो, पतपेढीला पेस्लिप देतो, आणि शेजारच्या खुर्चीपासून लपवायचा? माझा पगार कुणाला सांगायचा ते मी ठरवणार.

भोसरीकर
माझं छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. एका सीएनसी ऑपरेटरला दोन हजार वाढवले, कारण रात्री मशीन अडलं की तोच येतो. आठ दिवसांत बाकीच्यांची तोंडं वाकडी. "त्यालाच का?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, ऐकायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सगळ्यांना पाचशे दिले, तर तो ऑपरेटर रुसला. कागदावर हुद्दा एकच असतो, काम नाही.

फोडणीचाभात
"बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये." बाईलाही पगार असतो हे म्हण रचणाऱ्याला ठाऊकच नसावं. अमेरिकेत अलाबामातल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर १९७९ पासून कामाला होत्या. नोकरी संपत आली तेव्हा कुणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीतून त्यांना फरक कळला. कोर्टातले १९९७ अखेरचे आकडे: त्यांना महिना ३,७२७ डॉलर, त्याच हुद्द्यावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, पगाराचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार हवी होती. अहो, जे माहीतच नाही त्याची तक्रार कशी करायची? २००९ मध्ये कायदा बदलला तो यामुळेच.

लांबटांग
एक भर. तिकडे खासगी नोकरदारांना आपसात पगार बोलायला १९३५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. पण सुपरवायझर त्यातून वगळलेले, आणि लेडबेटरबाई सुपरवायझरच होत्या. आपल्याकडे स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे. समोरच्याला किती मिळतं ते विचारल्याशिवाय समान की कमी हे कळणार कसं?

भोसरीकर
नॉर्वेत कुणाचंही उत्पन्न ऑनलाइन बघता येतं. कोणी बघितलं हे २०१४ पासून त्या माणसाला कळायला लागलं, तसे बघणारे झपाट्याने घटले. म्हणजे न्याय शोधणारे किती आणि शेजाऱ्याच्या ताटात डोकावणारे किती, बघा.

लेव्हलसहा
आमच्या सरकारी ऑफिसात वेतन आयोगाचा तक्ता उघडा आहे. लेव्हल कळली की शिपायालाही साहेबाच्या बेसिकचा अंदाज येतो. भांडणं होतात, पण बदलीवरून.

अर्धाचहा
भोसरीकर, डोकावणारे घटले, बघायची सोय बंद नाही झाली. आणि तुमचे ते दोन हजार रात्री येण्याचा भत्ता म्हणून फळ्यावर लिहून दिले असते तर? जो येईल त्याला.

भोसरीकर
हे सुचलं नव्हतं. पण मग उरलेले तेराही म्हणतील, आम्हाला बोलवा. त्यातल्या नऊ जणांना ते मशीन उघडता येत नाही, आणि हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? तुम्ही येता का भोसरीला?