मदत हवी आहे: बोका ज्युनियर्सच्या टोपणनावाचा उच्चार

मंडळी, भाच्याला शाळेच्या भित्तिपत्रकासाठी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबवर लिहून देतेय. (नाव ऐकून आधी तो मांजरच समजला! स्पॅनिशमध्ये बोका म्हणजे तोंड, इथे नदीचं मुख.) १९०५ साली ब्वेनोस आयर्सच्या ला बोका या बंदरवस्तीत इटालियन स्थलांतरितांच्या पोरांनी क्लब काढला. बंदरात येणाऱ्या बोटीच्या झेंड्यावरून जर्सीचे रंग घेतले म्हणतात. बोट निघाली स्वीडनची, म्हणून निळा-पिवळा. कट्टर वैरी क्लब रिव्हर प्लेटही मूळचा इथलाच, हेही लिहिलं.

अडलंय टोपणनावाशी. वस्तीत इटलीतल्या जिनोआकडचे लोक फार, म्हणून 'जिनोआकर' अशा अर्थाचा तो शब्द. स्पेलिंग 'एक्स'ने सुरू होतं. देवनागरीत काय लिहू, सेनेइसे, शेनेइसे की झेनेइझे? स्पॅनिश येणाऱ्या कुणी सांगाल का? कागद शनिवारी चिकटवायचाय.