पेव्हर ब्लॉकचं अंगण खचलंय आणि शेवाळलंय, आधी काय करायचं?

जांभादगड

चिपळूणजवळच्या घरासमोर साधारण ६०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक आहेत. ६० मिमी जाडीचे, झिगझॅग आकाराचे, पाच पावसाळे झालेले. गेटपासून पोर्चपर्यंत गाडीची चाकं जातात त्या दोन पट्ट्या पाऊण ते दीड इंच खचल्या आहेत, तिथे पाणी साचतं. उत्तरेकडे आंब्याखाली काळपट-हिरवं शेवाळ आहे. फटींतली वाळू बऱ्याच ठिकाणी इंचभर खाली गेली आहे आणि गवत येतं. गवंडी म्हणतो, प्रेशरने धुवून फटींत सिमेंटचं पाणी सोडू, वरून चकचकीत सीलर (पाणी मुरू नये म्हणून लेप) मारू, म्हणजे पुन्हा बघायला नको. करावं का? आणि वाळू किती मागवू?

मुरूमखडी

सिमेंटचं पाणी अजिबात सोडू देऊ नका. फरशी मसाल्याला चिकटलेली असते. ब्लॉक नुसते वाळूवर बसलेले असतात आणि एकमेकांत अडकून उभे असतात. चाकाचा भार एका ब्लॉकवरून शेजारच्यांवर जातो तो फटीत गच्च बसलेल्या वाळूमुळे. तिथे सिमेंट घातलं की सांधा ताठ होतो, गाडीखाली केसाएवढी चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. शिवाय पुढे उचलायची वेळ आली की ब्लॉक फुटूनच निघतो. आज तुमचे तेच ब्लॉक परत बसवता येतील.

क्रम असा ठेवा: आधी खचलेलं उचलून लेव्हल, मग धुणं, मग सगळं खडखडीत वाळल्यावर फटी भरणं.

सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून खड्डा कुठपर्यंत आहे ते बघा आणि त्याच्या बाहेर दीड फूट घेऊन खडूने खूण करा. पहिला ब्लॉक काढणं सगळ्यात अवघड. फटीतली वाळू पातळ पत्र्याने उकरा, दोन्ही बाजूंनी सपाट तोंडाचे स्क्रूड्रायव्हर घालून आळीपाळीने थोडं थोडं उचला. नाहीच आला तर तो एक फोडून टाका. पहारीने उचकटलात तर शेजारच्या चारांच्या कडा उडतील. बाकीचे हाताने सुटतात. ओळीने रचून ठेवा आणि कडांना चिकटलेली वाळू खरवडून टाका, नाहीतर परत बसवताना शेवटची ओळ मावत नाही.

आता जुनी वाळू काढून खालचा मुरूम बघा, कारण खरं उत्तर तिथे आहे. मुरूम टणक असेल आणि फक्त वाळू सरकली असेल तर काम सोपं. टाच दाबल्यावर मुरूम दबत असेल तर सहा इंच खोदा, ४० मिमी खडी आणि मुरूम मिसळून तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, हलकं पाणी मारून, दाबून भरा. खड्डा नुसती वाळू टाकून वर आणायचा मोह अनेकांना होतो; तीन इंच वाळूवर बसवलेला ब्लॉक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खाली जातो. ब्लॉकखालची वाळू दाबल्यानंतर २५ ते ४० मिमी, त्याहून जास्त नको.

वाळू सारखी करायला एक इंची दोन पाइप समांतर ठेवा, त्यावरून पट्टी ओढा, पाइप काढून त्यांची चर भरा आणि मग त्या वाळूवर पाय ठेवू नका. ब्लॉक आजूबाजूच्या पातळीपेक्षा ६ ते ८ मिमी वर राहिले पाहिजेत, प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पत्र्याने थरथरवून दाबणारं मशीन) फिरवल्यावर ते बरोबर बसतात. प्लेटखाली रबर मॅट हवी. हाताच्या दुरमुसाने दाब सारखा बसत नाही.

तुमच्या दोन पट्ट्या प्रत्येकी ३ बाय १२ फूट धरल्या तर ब्लॉकखाली मिळून आठ-नऊ घनफूट वाळू लागेल. धुतलेली, जाडसर क्रश सँड घ्या. क्रशरची डस्ट नको. तिच्यात पिठासारखा अंश जास्त असतो, तो पाणी धरून ठेवतो.

६० मिमी ब्लॉक आयएस १५६५८ या भारतीय मानकानुसार हलक्या वाहतुकीसाठी आहे, कारला पुरतो. पाण्याचा टँकर आत येत असेल तर मात्र तेवढ्या पट्ट्यात ८० मिमीचा हवा.

आगरवाट

धुण्याबद्दल लिहितो. शेवाळाला आधी मारायचं आणि मग काढायचं. जिवंत शेवाळ नुसतं प्रेशरने उडवलं तर ते शेजारच्या फटींत जाऊन बसतं.

कोरड्या दिवशी संध्याकाळी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळून अर्धा तास ठेवा. वरचं निवळ पाणीच वापरा. खालचा चुना ओतलात तर ब्लॉकवर पांढरे ओघळ राहतात. आंब्याच्या आणि कडेच्या झाडांच्या मुळाशी आधी साधं भरपूर पाणी घाला. ब्लीच झारीने टाकून वीस-पंचवीस मिनिटांनी नायलॉनच्या ताठ ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे गंजून तांबडे ठिपके पडतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

बाथरूमचं अ‍ॅसिड वापरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. अ‍ॅसिड सिमेंटच खातं. ब्लॉकचा वरचा रंगीत थर जातो, कच उघडी पडते आणि अशा खरखरीत पृष्ठावर शेवाळ आणखी घट्ट धरतं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेततो.

प्रेशर मशीन वापरायचं तर पंख्यासारखी फवारणारं नोझल, ब्लॉकपासून एक फूट लांब, ४५ अंशांत तिरपं, आणि फटींच्या दिशेने न मारता तिरकस. गोल फिरणारं टोकदार नोझल वाळू तळापर्यंत काढून टाकतं.

गवताचं बी बहुतेक वरून येतं, फटीत साचलेल्या धुळीत आणि कुजलेल्या पाल्यात रुजतं. त्यामुळे आंब्याखालचा पाला आठवड्याला झाडला तर निम्मं काम होतं. बारीक गवताला उकळतं पाणी पुरतं. मीठ टाकू नका, ते झाडांच्या मुळांपर्यंत जातं.

जांभादगड

दोघांचेही आभार. एका पट्टीचे ब्लॉक काढून पाहिले. मुरूम लोण्यासारखा मऊ आहे, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. छपराच्या पन्हळीचा पाइप तिथेच अंगणात सोडलेला आहे. शिवाय गेटकडच्या टोकाला कडेचा दगड नाही, ब्लॉक मातीला टेकले आहेत आणि तिथल्या फटी बोटभर रुंद झाल्यात.

मुरूमखडी

मग आधी तो पाइप गटारापर्यंत न्या, नाहीतर बाकी सगळी मेहनत वाया. उतार गेटकडे किंवा गटाराकडे ५० ला १ ठेवा, म्हणजे २० फुटांत साधारण पाच इंच.

फट नेहमी २ ते ४ मिमी हवी. बोटभर झाली म्हणजे कड सरकली. कडेच्या दोन-तीन ओळी उचला, कर्ब (कडेचा दगड) लावा आणि त्याच्या बाहेरून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा सहा इंच रुंद पाठिंबा द्या. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारा, त्यानंतरच त्या बाजूला कॉम्पॅक्टर फिरवा. कडेला आधार नसेल तर कितीही वाळू भरा, ती खाली जातच राहील.

फटींच्या वाळूचा हिशोब: पूर्ण उचलून नव्याने बसवलेल्या भागाला चौरस मीटरमागे ४ ते ५ किलो, नुसती वरची इंचभर भरायला दीड ते दोन किलो. तुमचं अंगण ५६ चौरस मीटर, म्हणजे १५० किलोत भागेल. ही वाळू बारीक, २.३६ मिमी चाळणीतून गेलेली आणि उन्हात वाळवलेली. ओली वाळू फटीच्या तोंडावरच अडकते, वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पोकळी राहते. झाडूने तिरकस लोटा, कॉम्पॅक्टर फिरवा, पुन्हा लोटा. तीन फेऱ्या लागतात. पातळ पट्टी फटीत घालून बघा: सहज आत गेली तर अजून भरायची आहे. ब्लॉकच्या कडेपासून ३ मिमी खालपर्यंतच ठेवा.

पाणीउतार

सीलरबद्दल कुणी लिहिलं नाही. चकचकीत अ‍ॅक्रिलिक सीलर कोकणात नको. त्याचा वरती पापुद्रा बनतो, खालची ओल त्यात अडकून तो पांढुरका पडतो आणि सोलतो, शिवाय पावसात घसरडा होतो. मारायचाच तर सिलेन-सिलोक्झेनचा, जो ब्लॉकच्या आत मुरतो. आधी दोन फूट प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून घाम आला असेल तर अजून ओल आहे, थांबा. हा मुरणारा सीलर वाळू धरून ठेवत नाही, त्यामुळे तो नाही मारला तरी अंगण टिकतं.

कर्बवर किंवा नवीन घातलेल्या एखाद्या ब्लॉकवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेत वाळतो. कोरड्या ब्रशने झाडा, एक-दोन पावसाळ्यांत ती आपोआप थांबते.

गाडीच्या तेलाच्या डागावर लगेच लाकडाचा भुसा दाबा, रात्रभर ठेवा, मग कपड्याच्या पावडरचा घट्ट लगदा करून अर्धा तास ठेवून घासा. रॉकेल ओतू नका, डाग पातळ होऊन आणखी खोल जातो. जुना डाग गेला नाही तर तो ब्लॉक काढून उलटा बसवता येत नाही, कारण वरची कड तासलेली असते. म्हणून त्याच लॉटचे वीस-पंचवीस ब्लॉक मागवून ठेवा, आणि पोत्यात न ठेवता उन्हापावसात उघडेच ठेवा, म्हणजे रंग अंगणाशी जुळत राहील.