फर्स्ट इयरच्या मुलांचं प्रोफेशनॅलिझम कसं तपासता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅनाटॉमी शिकवते. यंदा एमबीबीएस पहिल्या वर्षाचं एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवायचा भाग) माझ्या गळ्यात पडलंय. हे काम केलेल्यांचा सल्ला हवाय.

2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून 'कॅडेव्हर (विच्छेदनासाठीचा मृतदेह) आपला पहिला गुरू' हे मॉड्यूल पहिल्याच वर्षी असतं. शपथ होते, मग मुलं लॉगबुकात रिफ्लेक्शन लिहितात. निम्म्या वह्यांत 'देहदात्याच्या थोर आत्म्यास वंदन', तेही सीनिअरच्या वहीतून उतरवलेलं. खरं काय ते टेबलापाशी दिसतं. एक मुलगा निघताना कॅडेव्हरच्या चेहऱ्यावरचं ओलं फडकं नीट करून जातो, कुणी न सांगता. सगळ्यात सुंदर रिफ्लेक्शन लिहिणारा डिसेक्शन हॉलमध्ये मोबाइल काढून व्हिडिओ घेताना सापडला. मार्क मात्र वहीला!

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा पी-मेक्स हा प्रोफेशनॅलिझम तपासायचा फॉर्म पाहिला, पण तो पेशंटसमोरचं वागणं बघायला. आमच्या मुलांचा पेशंटशी संबंध अजून नावापुरता. इंग्लंडात डरहॅम विद्यापीठात कॉन्शन्शसनेस इंडेक्स (कर्तव्यदक्षतेचा निर्देशांक) केला होता: हजेरी, लसीकरणाचे कागद वेळेत देणं, असल्या बारीकसारीक गोष्टींना गुण. शिक्षकांच्या मताशी तो बऱ्यापैकी जुळलाही. कल्पना पटते, पण आपल्याकडे प्रॉक्सी लावून घेणारा यात पैकीच्या पैकी घेईल, आणि हॉस्टेल न मिळाल्याने एसटीने येणारी मुलगी मागे पडेल. ट्यूटरच्या शेऱ्यांवर विसंबावं तर मराठी माध्यमातून आलेल्या, कमी बोलणाऱ्या पोरांपुढे हमखास 'कम्युनिकेशन पुअर'.

'अठरा वर्षांची पोरं आहेत, सुधारतील,' असं आमचे सर म्हणतात. बहुतेक सुधारतातही. पण अमेरिकेतल्या पापाडाकिस यांच्या 2005 च्या अभ्यासात, पुढे मेडिकल बोर्डाची कारवाई झालेल्या डॉक्टरांच्या कॉलेजमधल्या नोंदींत बेजबाबदारपणाचे शेरे इतरांपेक्षा बरेच जास्त निघाले होते. त्यामुळे सोडून द्यायलाही मन धजत नाही.

तर, तुमच्याकडे याला इंटर्नलमध्ये गुण देता, की नुसती नोंद ठेवून मुलाला एकट्याला बसवून बोलता? मोबाइलसारखा प्रकार झाला तर तो पुढच्या वर्षीच्या विभागांना कळवता का? माझा कल नोंदीकडे आहे. गुण आले की नाटक सुरू होतं.

आणि हॉलच्या मामांचं (तिथल्या मदतनिसांचं) मत कुणी रीतसर घेतलंय का? कोण कसं वागतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. फॉर्म वगैरे केला असेल तर इथे टाका प्लीज, मराठीत असेल तर उत्तमच.