कोल्हापुरात राहून नाटकातल्या नटाला एजंट कसा मिळेल?

विंगेतला:
हौशी राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूर केंद्रावर नियमित काम करतो. आता व्यावसायिक नाटक आणि मालिका दोन्हीकडे प्रयत्न करायचाय. एका को-ऑर्डिनेटरने, म्हणजे नटांना कामं मिळवून देणाऱ्या एजंटने, नोंदणीचे पैसे आधी मागितलेत, फोटोशूट त्यांच्याच फोटोग्राफरकडे करायचं आणि दोन वर्षांचा करार. हे असंच असतं का?

तिसरी घंटा:
पैसे अजिबात देऊ नका. एजंट कमावतो तो तुमच्या मानधनातल्या कमिशनवर, साधारण १० ते २० टक्के, तेही काम मिळाल्यावर. नोंदणी आणि फोटोशूटवरच ज्याचं भागतं, त्याला तुम्हाला काम मिळवून देण्याची गरजच उरत नाही.

आणि मराठी व्यावसायिक नाटकासाठी एजंट शोधत बसू नका. तिथे ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं ठरलेलं मानधन, त्यातून कमिशन काढून कुणाचं पोट भरत नाही. नट ठरवतात दिग्दर्शक आणि निर्माता, फोन बहुतेकदा सूत्रधाराचा, म्हणजे नाटकाचं व्यवस्थापन बघणाऱ्याचा, येतो. पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत ही तिन्ही नावं असतात, ती टिपून ठेवा. नव्या नटाला आत शिरायची मोठी वाट म्हणजे रिप्लेसमेंट: चालू नाटकातला कुणी मालिकेत अडकला की आठवड्याभरात भूमिका पाठ करून उभा राहणारा माणूस हवा असतो. म्हणून निरोपात वय, उंची, दोन-तीन भूमिका, त्यांचे दिग्दर्शक आणि तालमीसाठी मुंबई-पुण्यात कधीपासून राहू शकता, एवढं लिहा. शेवटचं वाक्य नसेल तर कोल्हापूरचा नट म्हणून नाव बाजूला पडतं.

विंगेतला:
केशवराव भोसले नाट्यगृहातल्या जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे, २०२४ मध्ये तिथे लागलेल्या आगीच्या आधीचं. ते पाठवलं तर चालेल?

लूक टेस्ट:
नाही. मागच्या रांगेतून घेतलेल्या चित्रीकरणात चेहरा दिसत नाही, आवाज घुमतो. मालिकेसाठी नवीन बनवा. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग दोन्ही बाजूंचा चेहरा, मिनिटाच्या आत. फोन आडवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, उजेड समोरून. दोन प्रवेश वेगळे, प्रत्येकी दीड मिनिट, एक कोल्हापुरी बोलीत आणि एक प्रमाण भाषेत. दोन्ही एकाच सुरात गेले तर फक्त गावरान भूमिकांसाठीच आठवण होते. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसवा, म्हणजे नजर भरकटत नाही.

नाटकवाल्यांचं हटकून चुकतं ते इथे: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात आणि प्रत्येक शब्दाला भुवया उचलतात. समोर हातभर अंतरावर माणूस आहे असं धरून बोला.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंग असेल तर एक-दोन दिवसांची कामं स्थानिक माणसांतूनच भरतात. कॅमेऱ्याची सवय होते. पण ज्या मालिकेत मोठी भूमिका हवी आहे तिथे किरकोळ दिसू नका. चेहरा एकदा ओळखीचा झाला की तिथे पुन्हा विचार होणं अवघड.

तिसरी घंटा:
करार समोर आलाच तर दोन वर्षं जास्त आहेत. सहा महिने, फार तर वर्ष, आणि ३० दिवसांच्या लेखी सूचनेने मोडता आला पाहिजे. ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे सगळी कामं त्याच एजंटमार्फत, असं लिहिलं असेल तर नाटक त्यातून वगळून घ्या, नाहीतर स्वतः मिळवलेल्या नाइटवरही कमिशन द्यावं लागेल. मानधन निर्मात्याकडून थेट तुमच्या खात्यात यावं, एजंटच्या नव्हे. मालिकेचे पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात, तेव्हा कमिशन ‘रक्कम जमा झाल्यावर’ असं लिहून घ्या. प्रवास आणि राहण्याच्या भत्त्यावर कमिशन नको. कमिशनवर जीएसटी वेगळा लागणार का, तेही आधीच विचारा. टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा आयकर, मात्र तुमच्या पॅनवर जमा झाला पाहिजे. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसला नाही तर निर्मात्याकडे लगेच विचारणा करा.