व्हिडिओ तपासताना आलेले अनुभव

व्हायरल झालेला एखादा व्हिडिओ आपण कसा तपासलात, आणि मुख्य म्हणजे कुठे फसलात, ते येथे लिहावे. सुरुवात माझ्याच फजितीने करतो. लढाऊ विमान पाडल्याचे म्हणून आलेले दृश्य मी तीन गटांवर पाठवले आणि ते निघाले ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातले! अशा क्लिप ओळखाव्यात कशा, याचे निवेदन २०२२ मध्ये खेळाच्या निर्मात्यांनाच काढावे लागले होते. अंधार, हलता कॅमेरा, धूसर चित्र; त्यांनी सांगितलेली ही लक्षणे माझ्या व्हिडिओतही होती.

*

माझ्याकडे आलेला स्फोटाचा व्हिडिओ मात्र अस्सल होता. खोटा होता तो त्याखालचा ‘कालची घटना’ हा मजकूर. वेगवेगळ्या क्षणांचे पाच स्क्रीनशॉट काढून मी उलट प्रतिमाशोध केला, म्हणजे शब्दांऐवजी चित्र देऊन ते आधी कुठे आले होते ते शोधले. पहिल्या चारांतून काहीच हाती लागले नाही, कारण जुना लोगो झाकण्यासाठी कोणीतरी खाली काळी पट्टी चिकटवली होती. पाचव्या चित्रातली ती पट्टी कापून टाकून पुन्हा शोधले, तेव्हा तो १२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधील त्यांजिन बंदरात झालेला स्फोट असल्याचे कळले. तेव्हापासून मी आधी तारीख शोधते, चित्रातली खोट नंतर.

*

एका वक्त्याची जीभ जड झाल्यासारखी वाटत होती. मागे बसलेली बाई रुमालाने वारा घेत होती आणि तो रुमाल पाण्यात हलवावा तसा संथ हलत होता. वेग १.२५ पट करताच बोलणे आणि रुमाल दोन्ही ताळ्यावर आले. २०१९ मध्ये अमेरिकेतील नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणाची गतीही अशीच सुमारे ७५ टक्क्यांवर आणली गेली होती. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नव्हती.

*

मी उलट्या बाजूने फसलो. बोटे एकमेकांत मिसळलेली दिसली, म्हणून एक व्हिडिओ मी ‘एआयचा’ ठरवून मोकळा झालो, आणि मेटाडेटा (चित्रीकरणाची वेळ, उपकरण अशी फाइलमध्येच साठवलेली माहिती) नाही हा पुरावाही वर जोडला. वास्तविक मेसेजिंग ॲपवरून फिरताना व्हिडिओची फाइल दाबून लहान केली जाते, त्यात बारकावे पुसले जातात आणि मेटाडेटाही बहुधा गळून पडतो. चित्रीकरण करणाऱ्याने मूळ फाइल पाठवली, तेव्हा तिच्यात पाचही बोटे सुटी दिसत होती.