लहान आकाराचा पहिला डीएसएलआर: जत्रा, शिगमो आणि पावसाळा लक्षात घेऊन सल्ला हवा

कुळागर, फोंडा

सर्वांना नमस्कार. जत्रांमधील रात्रीची नाटके, शिगमोत्सवातील रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारी पथके) आणि जमल्यास माशेलचा चिखलकालो (आषाढात चिखलात खेळला जाणारा उत्सव) यांची छायाचित्रे काढण्यासाठी पहिला डीएसएलआर (आत आरसा आणि बदलता येणारी लेन्स असलेला कॅमेरा) घेण्याचा विचार आहे. आजवर सगळे मोबाइलवर भागवले. दिवसा त्याच्याबद्दल तक्रार नाही, परंतु रात्री रंगमंचावरील पात्र जरा हलले की चेहऱ्याचा नुसता फराटा उरतो. कॅननचा २००डी मार्क टू आणि जुन्या मालात मिळाल्यास निकॉनचा डी३५००, असे दोन कॅमेरे नजरेसमोर आहेत. दोन्ही हातात धरून पाहिले आणि त्यांचा आटोपशीर आकार विशेष आवडला, कारण गर्दीत तासन्‌तास गळ्यात वागवायचे आहेत. दुकानदार मात्र म्हणाला, ‘थोडे पैसे घालून मोठा घ्या, हे शिकाऊंचे.’ हा आकार आणि ही किंमत साधण्यासाठी कंपन्यांनी नेमके काय काय कमी केलेले असते आणि त्यातले माझ्या कामात काय नडेल, एवढे जाणकारांनी सांगावे.

मांडवीकाठ, पणजी

जे कमी केलेले नाही ते आधी सांगतो, म्हणजे मनातली निम्मी धास्ती जाईल. या दोन्ही कॅमेऱ्यांत सुमारे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आहे आणि त्यांच्या दीडपट वजनाच्या कॅमेऱ्यांतही त्याच आकाराचा सेन्सर असतो. बॅटरी आणि कार्ड धरून कॅनन ९०डी ७०१ ग्रॅम भरतो, २००डी मार्क टू ४४९ ग्रॅम आणि डी३५०० अवघा ४१५ ग्रॅम. तरीही सारखीच लेन्स लावून, सारखेच एक्स्पोजर ठेवून काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती शेजारी ठेवल्या, तर कोणती कोणाची हे सांगणे अवघड जाईल. चित्राच्या दर्जापुरते बोलायचे तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य नाही.

काटछाट झाली आहे ती पाहण्यात आणि हाताळण्यात. वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) भरीव काचेचा पेंटाप्रिझम असतो. इथे वजन आणि खर्च वाचवण्यासाठी आरशांचा पोकळ पेंटामिरर बसवलेला आहे, त्यामुळे दिसणारी चौकट लहान आणि किंचित मंद असते. शिवाय ती प्रत्यक्ष चित्राचा सुमारे ९५ टक्केच भाग दाखवते, म्हणून तुम्हाला न दिसलेला शेजारच्या प्रेक्षकाचा कोपर चित्राच्या कडेला हमखास येऊन बसतो. फोकसचे बिंदू कॅननला ९ आणि निकॉनला ११ आहेत, पण आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा पकडणारा क्रॉस बिंदू दोन्हींत मधला एकच, आणि अपुऱ्या उजेडात भरवसा ठेवावा असाही तोच. त्याने पात्राच्या डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग चौकट सरकवायची, ही सवय लावून घ्यावी लागेल. चाकही एकच आहे. शटरचा वेग आणि लेन्सचे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर दोन्ही स्वतः ठरवायचे झाल्यास अ‍ॅपर्चर बदलताना एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. घरी बसून याचे काही वाटत नाही, पण नाटकात प्रवेश बदलताना प्रकाश एकदम पडतो तेव्हा बोटांची तारांबळ उडते.

एवढे असूनही तुमचे गाडे खरोखर अडेल ते किट लेन्सपाशी, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सपाशी. १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). ज्या रंगमंचावर तिला १/१०० सेकंदासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनक्षमता) ६४०० लागतो, तिथे ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्सला साधारण ६४० पुरतो, कारण ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असते खरे, पण ते आपल्या हाताची थरथर सावरते, नटाची हालचाल थांबवत नाही. १/१०० हा आकडाही सहज घेतलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातील साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि त्याहून जलद शटर ठेवले की एका चित्रात चेहरा पिवळट, तर दुसऱ्यात काळपट असे प्रकार सुरू होतात. म्हणून मोठ्या बॉडीसाठी जे पैसे घालायचे ते या लेन्ससाठी घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निकॉन घेणार असाल तर एक पथ्य पाळावे. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळते म्हणून जुनी एएफ-डी प्रकारची ५० मिलिमीटर लेन्स उचललीत तर तिचा फोकस हातानेच फिरवावा लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी अशी (लेन्समध्येच मोटर असल्याची) खूण पाहूनच घ्यावी.

रानजाई, साखळी

वरील विवेचन बरोबर आहे, मात्र दोन मुद्दे त्यात आलेले नाहीत आणि मूळ प्रश्नातील चिखलकालोचा तर उल्लेखही राहिला. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या सांध्यांना पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही. माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानात आषाढातला पाऊस वरून आणि चिखल चारी बाजूंनी येत असतो. तिथे न्यायचाच असेल तर पारदर्शक रेनकव्हर घालून, एकच लेन्स लावून, काठावर उभे राहून काम करावे आणि लेन्स मैदानात अजिबात बदलू नये. चिखलाचा एक शिंतोडा झूमच्या नळीवर पडला आणि नळी आत सरकली, की त्यातले कण आत जाऊन घासायला लागतात. या एका कामासाठी सीलबंद मोठा कॅमेरा निश्चितच उजवा ठरतो, पण वर्षातल्या एका दिवसासाठी उरलेले सगळे दिवस जड कॅमेरा वागवायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा मुद्दा फ्लॅशचा. २००डी मार्क टू मध्ये फ्लॅश बसवण्याच्या खाचेतला मधला संपर्कबिंदूच काढून टाकलेला आहे, त्यामुळे केवळ त्या एका बिंदूवर चालणारे साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारी यंत्रे) त्याच्यावर पेटत नाहीत, कॅननच्या पद्धतीशी जुळणारेच घ्यावे लागतात. २०१७ साली आलेल्या आधीच्या २००डी मध्ये हा बिंदू होता. ही काटकसर मला तरी पटलेली नाही, कारण तिने कॅमेरा ना लहान झाला ना हलका. नाटकाला फ्लॅश मारू नये हे खरे, पण रोमटामेळ अंधाऱ्या रस्त्यावरून येतो तेव्हा त्याची गरज भासते.

याउलट त्याच कॅननची एक बाजू फार मोलाची आहे. त्याचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो आणि पडद्यावर पाहून काम करताना ड्युअल पिक्सेल पद्धतीचा फोकस झटपट बसतो. ढोल-ताशांच्या गर्दीत हात उंच करून, पडदा खाली वळवून वरून चित्र घेता येते. डी३५०० चा पडदा पक्का बसवलेला आहे, स्पर्शावर चालत नाही आणि पडद्यावर पाहताना त्याचा फोकस रेंगाळतो. व्हिडिओही काढणार असाल तर त्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडता येत नाही, हे विसरू नये. कॅननला तो जोडता येतो, मात्र त्याच्या ४के चित्रणात कडेचा बराच भाग कापला जातो आणि ड्युअल पिक्सेल फोकसही मिळत नाही. फुल एचडीवरच समाधान मानावे.

आगाशी, म्हापसा

इतके सगळे उणे आहे, तर मग आता डीएसएलआर घ्यायचाच कशाला? दोन्ही कंपन्यांचे लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळलेले आहे. २०२३ साली आलेला कॅननचा आर५० बॅटरीसह ३७५ ग्रॅमचा आहे, फोकस जवळजवळ संपूर्ण चौकटीत कुठेही बसतो आणि डोळा आपोआप ओळखतो. मधल्या एका बिंदूची कसरत संपली.

मांडवीकाठ, पणजी

आगाशी यांचे म्हणणे रास्त आहे आणि खर्चाचा प्रश्न नसेल तर मीही त्यांच्याच बाजूने बोलेन. खर्चाचा प्रश्न मात्र आहे. जुन्या मालात कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मुबलक मिळतात आणि कमी पैशांत मिळतात. मिररलेससाठी तेवढ्याच कामाच्या लेन्स बहुधा नव्या घ्याव्या लागतात. आज जमवलेल्या कॅननच्या लेन्स उद्या अ‍ॅडॅप्टर लावून आर मालिकेतील मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही. दुसरे असे की, व्ह्यूफाइंडरमधून काम केल्यास एका बॅटरीवर २००डी मार्क टू साठी १०७० आणि डी३५०० साठी १५५० चित्रांचे प्रमाण कंपन्यांनी दिलेले आहे. मिररलेस त्याच्या जवळपासही जात नाही. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला खिशात बॅटऱ्यांचा साठा बाळगायचा नसेल तर हा फरक लहान नाही.

एक गोष्ट मात्र मिररलेसच्या पारड्यात टाकतो, ती म्हणजे आवाज. आरसा उचलण्याचा खट्‌कन होणारा आवाज संथ प्रवेशात पुढच्या रांगेतल्या माणसाला मान वळवायला लावतो. कॅननच्या सायलेंट मोडने तो मऊ होतो, पण नाहीसा होत नाही.

कुळागर, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. व्हिडिओचा फारसा विचार नाही, परंतु फिरणाऱ्या पडद्यामुळे कॅननकडे कल झुकला आहे. फ्लॅशचा मुद्दा वाचल्यावर आधीचा २००डी आणि ५० मिलिमीटर लेन्स जुन्या मालात शोधावी असे वाटते. विकणाऱ्याकडे गेल्यावर काय पाहावे?

रानजाई, साखळी

आपल्या हवेत सर्वांत आधी बुरशी पाहावी. लेन्सची दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. धुळीचे चारदोन कण असतील तर त्यांची चिंता करू नका. त्यानंतर एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून पडद्यावर मोठे करावे. सेन्सरवरचे डाग त्यात काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. ठिपके फुंकणीने किंवा सफाईने जातात, म्हणून त्यांचा उपयोग घासाघीस करण्यापुरताच. मुठीचे रबर सुटलेले किंवा चिकट झालेले आहे का आणि बॅटरी व कार्डाच्या कप्प्यातील पिनांवर हिरवट गंज आहे का, हे बोट फिरवून पाहा. समुद्राजवळ वापरलेल्या कॅमेऱ्याची कहाणी त्या पिनाच सांगतात.

घरी आणल्यावर तो कपाटात, विशेषतः चामड्याच्या पेटीत, ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढ्यावर काम होते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिकेचा रंग पालटला की ती मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात हे दर काही दिवसांनी करावे लागेल.